आंब्याला लव्ह नाही

गुरुजींच्या उजव्या हातातून कप पडला, तोंड एका बाजूला वाकडं झालं आणि त्यातून एकच शब्द निघाला, "लव्ह." मी त्यांची शेजारीण, डबा द्यायला आले होते. आधी थट्टा वाटली म्हणून रागावलेच. मग गावातल्या जीपमध्ये घालून गडचिरोलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, लकवा आहे. जीव वाचेल, बोलण्याचं सांगता येत नाही.

या शब्दाच्या बाबतीत गुरुजी पक्के कंजूष. चामोर्शीकडच्या आश्रमशाळेत ते इंग्रजी शिकवत आणि मी स्वयंपाक करायची. पोरानं "आय लव्ह मँगो" लिहिलं की लाल रेघ. "काऊन बे, आंब्यासाठी जीव देशीन का? नाई ना? मंग लाइक लिही."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण तांदूळ निवडता निवडता ऐकून शिकले. लाइक म्हणजे जे पुन्हा वाढून घ्यावंसं वाटतं ते. लव्ह म्हणजे ज्याच्यावाचून चालत नाही ते. आणि मधला फॉन्ड, तो गुरुजींचा आवडता. "लव्ह एका दिवसात होते, बाई. फॉन्ड व्हाले वर्षं लागतात. आपला लळा म्हणा." आंबाडीच्या भाजीला त्यांनी लाइक दिला होता, वारलेल्या बायकोला लव्ह. फॉन्ड मिळाला त्यांच्या शेळीला. तिनं त्यांच्या डिक्शनरीची चार पानं खाल्ली होती, तरी.

निवृत्त झाल्यावर ते माझ्या शेजारी राहायला आले. मी विधवा, ते एकटे. रोज डबा जाताना लोकांना दिसायचा. लोकांचं म्हणून झालं. एकदा मीच विचारलं, "गुरुजी, शेळीले शब्द भेटला. मले कोणता?"

ते चष्मा पुसत बसले. "पाहून राह्यलो, बाई. घाई केली का चुकीचा लागते."

चार वर्षं पाहत होते. मी पुन्हा विचारलं नाही.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा तो एकच शब्द उरला होता. चहाला लव्ह, माशीला लव्ह, इंजेक्शन देणाऱ्या नर्सला लव्ह. ती लाजली. "आजोबा मोठे प्रेमळ आहेत जी!"

"कायचे प्रेमळ? दुसरा शब्दच नाई त्यायच्यापाशी," मी म्हटलं. गुरुजींनाही ते कळत होतं. शब्द निसटला की डाव्या हातानं कपाळ बडवून घेत.

मला मात्र त्या पहिल्या दिवसानंतर त्यांनी तो कधी दिला नाही. मी डबा घेऊन आले की तोंड घट्ट मिटून घेत. मग खालचा ओठ दाताखाली धरून "फ... फ..." करत. घाम फुटायचा.

"राहू द्या जी, समजलं मले. जेवा."

ते नाही म्हणून मान हलवत. अर्धा शब्द त्यांनी पोरांचाही कधी चालवून घेतला नव्हता.

दोन वर्षं हे रोज चाललं. मग एका दुपारी ताट पुढ्यात असतानाच गुरुजी गेले. शब्द पुरा झाला नव्हता.

आता शेळी आहे आणि मी आहे.