रिकामं फोल्डर

ऑफिसात त्याला सगळे 'रिव्हर्स' म्हणायचे. प्रोग्राम बिघडला की बाकीचे डोकं खाजवत बसायचे आणि हा म्हणायचा, "थांबा, मागे जाऊन बघू." नव्या लोकांना तर तो घोळवून घोळवून सांगायचा, "स्नॅपशॉट म्हणजे अख्ख्या मशीनचा त्या क्षणाचा फोटो. परत आणलात की सगळंच त्या दिवसावर जातं, नंतरचं चांगलंही पुसतं. व्हर्जन कंट्रोलमध्ये प्रत्येक बदल वेगळा राहतो, कोणी केला, का केला, सगळं. गल्लत करू नका." बोलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्याची आई कोट शिवायची. एक खांदा उतरलेला, पाठ वाकलेली, अशी माणसं तिला शोधत यायची, आणि प्रत्येकाचा कागदी साचा ती जपून ठेवायची. कपाट ओसंडायला लागलं तसं यानेच टुमणं लावलं, "आई, संगणकावर काढून ठेव गं. तिथे काही हरवत नाही." तिचा हात तेव्हाच थरथरायला लागला होता. तरी ती माउस धरून एकेक रेघ ओढत बसायची. काढून झालेले कागद रद्दीत जायचे, आणि ते गठ्ठे खाली नेणाराही हाच.

एका रविवारी अपडेट करताना घरचा संगणक बंद पडला. दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं. याने मागचापुढचा विचार न करता जुना स्नॅपशॉट परत आणला. त्याचं स्वतःचं काम ऑफिसच्या सर्व्हरवर व्हर्जन कंट्रोलमध्ये होतं, ते एका कमांडसरशी जसंच्या तसं उतरलं. स्वारी खुशीत शीळ घालत होती.

तेवढ्यात आई चष्मा पुसत आली. "जरा उठतोस? एक कॉलर राहिलीय."

त्याने स्नॅपशॉटची तारीख बघितली. तो स्नॅपशॉट आईने पहिली रेघ ओढली त्याच्याही आधीचा होता.

त्याने अडखळत सगळं सांगितलं. आईने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "तुझं काम गेलं नाही ना?"

"नाही."

"मग असू दे."

तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. जगाला शिकवलं ते घरात एकदा करायचं, तर पाच मिनिटांचं काम होतं. पण आईचे साचे म्हणजे आपल्या कामासारखं काम, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ही बोच त्याला जेवू देईना.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हर्जन कंट्रोलमध्ये आईसाठी वेगळी जागा केली, 'साचे' नावाचं फोल्डर बनवलं आणि नोंदवायला गेला. नोंद होईना. रिकामं फोल्डर तिथे नोंदलंच जात नाही, आत एक तरी फाइल लागते. हेही तो इतरांना शिकवत आलेला.

"आई, एकच काढतेस? तो उतरल्या खांद्याचा कोट काढ."

आई खुर्चीत बसली. तिने माउसवर हात ठेवला. पडद्यावरचा बाण नुसता थरथरत राहिला.

"खांदा किती उतरला होता, तेच आठवत नाही रे," ती म्हणाली. "कागदावर होतं म्हणून मी लक्षात ठेवलं नाही."