नववा रकाना

एनेलेस लिकोंग्वे यांनी नियतकालिकाचा कारभार हाती घेतला त्याच महिन्यात एक नियम केला, आणि त्या नियमापायी अर्ध्या देशातले डॉक्टर त्यांच्यावर खार खाऊन होते. ज्या आकड्यांवर तुमचा लेख उभा आहे ते ज्या मूळ नोंदवहीतून आले, तिच्या एका पानाचा फोटो लेखासोबत पाठवायचा. तो छापायचा नाही, फक्त बाईंनी पाहायचा. पान नाही तर लेख नाही, मग तुम्ही कोणी का असेना.

बाईंनी त्याआधी सव्वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली. आकडे आभाळातून पडत नाहीत, दोन बाळंतपणांच्या मधे हात धुऊन कुणीतरी सिस्टर ते लिहिते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. निवृत्तीनंतर त्या ब्लँटायर शहरातल्या एका जुन्या इस्पितळाच्या चादरींच्या कोठीत येऊन बसल्या. तेच नियतकालिकाचं कार्यालय. मुख्य संपादक डॉक्टर वायसन चिलोंगो हे शल्यचिकित्सक, ते फक्त बुधवारी येत, तेही ऑपरेशन लवकर आटोपलं तर. बाकी आलेले लेख वाचणं, जाणकारांकडे तपासायला धाडणं, लेखकांचे रुसवेफुगवे काढणं आणि वीज गेली की टेबलावरची लाकडी पट्टी ओळीखाली धरून खिडकीच्या उजेडात प्रुफं तपासणं, हे सगळं बाईंचं. नियतकालिक वाचायला दमडी पडत नसे. डोंगरावरच्या दवाखान्यातली नर्ससुद्धा फोनवर उघडून वाचू शके. बाईंना या एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि तो त्या लपवत नसत.

अशात मार्च महिन्यात प्रोफेसर रेन्शॉ यांचा लेख आला. लेखक अकरा, अकराही समुद्रापलीकडचे. विषय मात्र आमचा होता: शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यातलं चिलिम्बा नावाचं एक आरोग्य केंद्र आणि तिथली सहा वर्षांतली बाळंतपणं. प्रश्न असा, की एका बाळंतपणात जिला अतोनात रक्तस्राव झाला, तिला पुढच्या वेळीही तो होतो का? अकरा विद्वानांचं उत्तर होतं, सहसा नाही. म्हणून अशा बायकांना दिवस भरण्याआधीच केंद्रामागच्या थांबाघरात आणून ठेवायची काही गरज नाही.

थांबाघर म्हणजे चार भिंती, पत्रा आणि बाहेर तीन चुली. लांबच्या गावांतल्या बायका शेवटच्या महिन्यात मक्याचं पीठ आणि सुकी मासळी बांधून तिथे येऊन राहत. लेख छापून यायचा होता, पण त्याचा गोषवारा जिल्ह्याच्या कचेरीत आधीच पोचला होता. जुलैपासून थांबाघर बंद करून तिथे मच्छरदाण्यांचं कोठार करायचं, असं ठरूनही गेलं होतं.

बाईंनी नियमाप्रमाणे पानाचा फोटो उघडला. हिरव्या शाईतलं अक्षर, एकही खाडाखोड नाही. सरकारी नोंदवहीला आठ रकाने असतात, इथे नऊ होते. नववा कुणीतरी पट्टीने समासात आखला होता आणि त्यात नुसते सुटे आकडे होते. कुठे एकेचाळीस, कुठे एकशे सतरा, कुठे काहीच नाही. लेखातल्या तक्त्यात मात्र आठच रकाने होते. आणि हे हिरवं अक्षर कुणाचं, ते लेखात शोधूनही सापडेना. शेवटी बारीक टाइपात एक ओळ होती: केंद्रातील कर्मचाऱ्यांचे आभार.

"कर्मचाऱ्यांचे," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे झाडू आणि फडकं यांचेही."

त्यांनी पान पुन्हा वाचलं, या वेळी नावांवर पट्टी धरून. वर एक लोनेसी होती, तिच्याखाली मावुतोची आई, मग चिफुंडोची आई. आमच्याकडे पोरगी पहिलटकरीण असते तोवर तिचं नाव तिचं असतं. मूल झालं की ती त्या मुलाची आई, आणि मग नवरासुद्धा तिला जुन्या नावाने हाक मारत नाही. थोरलं मूल दगावलं तर ते नाव कुणी तोंडी घेत नाही, मग ती दुसऱ्याची आई होते. विचारलं की बाई आपलं आजचंच नाव सांगते. खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त अकरा विद्वानांना.

बाईंनी रुग्णगाडीच्या ड्रायव्हरकडून चिलिम्बाच्या सुईणबाईंचा नंबर मिळवला. चौथ्या दिवशी कोठीच्या दाराशी "ओडी" अशी हाक आली. दारात फालेसी म्सोसा उभ्या होत्या, पन्नाशीच्या, काटक, मिनीबसच्या धुळीने माखलेल्या. चितेंज्यात, कमरेला गुंडाळायच्या रंगीत कापडात, बांधलेली नोंदवही त्यांनी तान्ह्या पोरासारखी पाठीला लावून आणली होती. बाईंनी चहा केला, भाजक्या शेंगा पुढे ठेवल्या आणि नवव्या रकान्याचं विचारलं.

"ते मागचं पान, अमायी," फालेसी म्हणाल्या. "बाई आली की मी विचारते, याआधी तुला काय म्हणायचे? ती सांगते. मग मी मागचं बाळंतपण शोधते आणि त्याचा पान नंबर इथे मांडते. नाहीतर कळणार कसं, कुणाला जपायचं ते?"

"हे त्या लोकांना सांगितलं होतंस?"

"दोन मुली आल्या होत्या कॉम्प्युटर घेऊन. तीन आठवडे माझ्याच घरी जेवल्या. त्यांना दोनदा सांगितलं. त्या हसून मान हलवायच्या. मला वाटलं, कळलं."

बाईंनी लेखातला तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. फालेसींनी तो बोट ठेवून वाचला, मग वही उघडून एकेचाळिसावं पान काढलं आणि तिथून दोनशे तिसरं. एकेचाळिसाव्या पानावर एलिफा, वय अठरा, खूप रक्त गेलं, वाचली, घरी गेली. दोनशे तिसऱ्या पानावर मावुतोची आई, वय एकवीस, खूप रक्त गेलं, जिल्ह्याच्या इस्पितळाच्या वाटेवर दगावली. तक्त्यात त्या दोघी होत्या. एक जण रक्तस्रावातून वाचली आणि पुन्हा कधी आलीच नाही. दुसरी, जिला आधी कसलाही त्रास नव्हता, ती अचानक गेली.

"ही एकच," फालेसी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "दुसऱ्या खेपेला थांबाघरात ये म्हणून मी तिच्या सासूला तीनदा निरोप धाडला होता. मका काढणीला आला होता, सोडलं नाही. शेवटची आंघोळ मीच घातली तिला. यांनी तिच्या दोन बायका केल्या होय?"

एनेलेस लिकोंग्वे यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे त्यांनी पाहिले होते, पण इथे खाणाऱ्यांनी मढंसुद्धा नीट मोजलं नव्हतं. सहा वर्षं एक बाई समासात रेघ मारून एकेका जिवाचा माग ठेवते, परदेशातून येऊन कुणी ते सगळं उचलून नेतो आणि नेताना नेमकी तीच रेघ कापून टाकतो.

तीन दिवस दोघींनी वही धरून मोजणी केली. एकीने पान सांगायचं, दुसरीने मांडायचं, मग अदलाबदल करून पुन्हा. एकदा रक्तस्राव होऊन पुन्हा बाळंतपणाला आलेल्या बायका निघाल्या अडतीस, आणि त्यांतल्या तेरा जणींना पुन्हा तसाच रक्तस्राव झाला होता. प्रोफेसरांच्या हिशेबात पुन्हा रक्तस्राव झालेल्या दोनच होत्या, कारण मधल्या काळात ज्यांचं नाव बदललं नव्हतं तेवढ्याच त्यांना जुळल्या.

बाईंनी प्रोफेसरांना सरळ कळवलं: नववा रकाना धरून पुन्हा मोजा, निष्कर्ष बदला आणि फालेसी म्सोसा यांचं नाव लेखकांत घाला. उत्तर म्हणून बुधवारी कॉम्प्युटरवर खुद्द प्रोफेसर अवतरले. डॉक्टर चिलोंगो बाईंच्या शेजारी बसले होते. प्रोफेसर फार गोड बोलले. समासातल्या खासगी टिपणांना शास्त्रीय आधार नसतो, असं त्यांनी समजावलं. या सिस्टरांबद्दल आपल्याला नितांत आदर आहे, असंही सांगितलं.

"पण लेखक म्हणजे ज्याने विचार केला तो," ते म्हणाले. "नोंदी ठेवणं हे तर त्यांचं कामच होतं."

"हो, आणि त्यांनी ते केलं," बाई म्हणाल्या. "विचार करणं तुमचं काम होतं. ते कुणी केलं?"

मग प्रोफेसरांनी लेख मागे घेतला, तो याहून मोठ्या ठिकाणी सहज छापून येईल असं सांगितलं, आणि जाता जाता आठवण करून दिली की जगातल्या मान्यताप्राप्त नियतकालिकांची जी यादी असते, तिच्या समितीवर ते स्वतः आहेत आणि आमचा फेरविचार याच वर्षी व्हायचा आहे. चोर तो चोर, वर शिरजोर.

पडदा काळा झाल्यावर डॉक्टर चिलोंगोंनी कपाळ पुसलं. भला माणूस, पण पोटात पोरवयापासून साहेबाची भीती.

"अमायी, थोडं नमतं घेतलं असतं तर? यादीतून नाव गेलं तर आपल्याला लेख देणार कोण?"

"मी नमले तर जुलैत थांबाघराला कुलूप लागेल, डॉक्टर. मग अशा बायकांनी पुढच्या खेपेला जायचं कुठे? मच्छरदाणीत?"

डॉक्टर बराच वेळ शेंगा सोलत बसले. एकही खाल्ली नाही, नुसती सोलत राहिले. शेवटी टरफलं गोळा करत म्हणाले, "त्या सिस्टरलाच लिहू दे. तुम्ही मदत करा. पण तुम्ही मदत केलीत, म्हणून निर्णय तुम्ही घ्यायचा नाही. तपासणी मी करवतो आणि सही माझी राहील."

मला रकाने आखता येतात, लेख नाही, असं फालेसी म्हणत राहिल्या. बाईंनी ऐकलं नाही. तू जे मला सांगितलंस तेच कागदाला सांग, म्हणाल्या. दोन तपासनीसांनी लेखाची सालटी काढली, सतरा शंका विचारल्या. फालेसींनी वही मांडीवर घेऊन सतराही शंकांना पान नंबरासकट उत्तरं दिली. जूनच्या पहिल्या आठवड्यात लेख आला. लेखिका एकच: फालेसी म्सोसा, सुईण, चिलिम्बा आरोग्य केंद्र.

प्रोफेसरांचा लेखही आला, बड्या नियतकालिकात, अकरा नावांनिशी, आठ रकान्यांनिशी. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तो उघडून पाहिला. गोषवारा दिसला, पुढे कुलूप. आमच्याच बायकांबद्दल काय लिहिलंय ते वाचायला डॉलर भरा! फालेसींचा लेख मात्र त्यांनी फोनवर चहा पितापिता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि दुसऱ्या दिवशी मच्छरदाण्यांचा ट्रक शाळेच्या गोदामाकडे वळवला. थांबाघराच्या चुली पेटत्या राहिल्या.

यादीतून आमचं नाव गेलं. कारण दिलं, संपादकीय नियम अवाजवी. दोन वर्षं लेख रोडावले, आणि बाईंनी ज्यांना पहिल्यांदा छापलं होतं असे काही डॉक्टर रस्त्यात नजर चुकवू लागले. गरज सरो, वैद्य मरो. बाईंनी नियम बदलला नाही.

बड्या नियतकालिकाला त्यांनी फालेसींच्या सहीचं पत्र धाडलं होतं, मोजणी चुकली आहे म्हणून. उत्तर आलं: जागेअभावी छापता येत नाही. त्या दिवसापासून ते पत्र आमच्या प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर छापलं जातं, खाली तारीख आणि 'अजून उत्तर नाही' एवढे शब्द. गेल्या अंकात ते एकोणिसाव्यांदा आलं. डॉक्टर चिलोंगो आता त्या पानाचं प्रुफ स्वतः तपासतात. पत्र मोठं नाही.

"महोदय, एकेचाळिसाव्या पानावरची बाई आणि दोनशे तिसऱ्या पानावरची बाई, अशा तुम्ही दोन मोजल्यात. आम्ही एकच पुरली."