वॉन्टनच्या कडेचं पाणी

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू ऐकायला लागला. जीभही सरळ झाली. ती सरळ झाल्याचं सगळ्यात आधी मलाच कळलं, कारण तिच्यावरून निघालेलं पहिलं पूर्ण वाक्य आमटीत मीठ कमी असल्याचं होतं. मी त्या दिवशी भांडले नाही, उलट देवाचे आभार मानले. हात मात्र रुसून बसला तो बसलाच.

जेवणाचं त्यांना तेवढं वाटलं नाही. चमचा डाव्या हातात धरायला ते शिकले. दाढी डाव्या हाताने करतात, हनुवटीखाली थोडी राहते आणि ती राहिली आहे असं मी म्हणत नाही. अडलं ते क्रुसाच्या खुणेपाशी. आम्ही वसईतले गावचे ख्रिस्ती. उठताना, झोपताना, जेवायला बसताना आमचा उजवा हात कपाळाला, छातीला, मग डाव्या खांद्याला आणि उजव्या खांद्याला लागतो. चर्चच्या दारात पवित्र पाण्याचं भांडं असतं, त्यात बोट बुडवून आत जाताना हीच खूण करायची. लहानपणापासून सवय असते, त्यामुळे डोक्याला काही सांगावं लागत नाही.

ह्यांचा तो हात उठेना, आणि डाव्या हाताने खूण करायला हे तयार नाहीत. फादर घरी येऊन समजावून गेले की देव हात बघत नाही. ह्यांनी मान डोलावली, फादरना काठी टेकत फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन मला म्हणाले, "डाव्या हातानं आपन कोनाला जेवाय तरी वाढतो का?"

रोज पहाटेच्या मिस्सेला जाणारा माणूस, त्याने चर्चला जाणंच सोडलं. संध्याकाळी घरात रोझरीची जपमाळ सुरू झाली की हे ओटीवर जाऊन बसायचे. जेवणाआधीच्या प्रार्थनेला मी आणि देवच असायचो. हे मांडीवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे, माझं संपलं की चमचा उचलायचे. हात नाही आला तर नाही आला, आपण जन्मभर भात कालवून देऊ, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण हा माणूस आतून एकेक दार लावून घेत होता आणि मी बाहेर उभी होते. त्याची मला फार भीती वाटायची.

आचोळ्याहून एक व्यायाम करून घेणारी मुलगी स्कूटरवर यायची. गोड पोरगी. तिने एक मऊ चेंडू दाबायला दिला आणि एका वाटीतला राजमा दुसऱ्या वाटीत टाकायला सांगितलं. हे म्हणाले, मी काय बालवाडीत आहे? दुसऱ्या दिवशी तो चेंडू शेजारच्या कुत्र्याच्या तोंडात दिसला. राजम्याची मी उसळ केली.

आमची मुलगी विरारला राहते. तिथून ती रविवारी येते आणि आल्या आल्या आम्हा दोघांना कामाला लावते. त्या रविवारी ती कोंबडीचा खिमा, पातीचा कांदा आणि कॉर्नफ्लोअर घेऊन आली. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, मसाल्याचं कमी केलं होतं, आणि पेज बघितली की ह्यांचा चेहरा उतरायचा. पूर्वी कुणाचा वाढदिवस असला की आम्ही स्टेशनजवळच्या चायनीज हॉटेलात जायचो. तिथे ह्यांना नूडल्स म्हणजे गांडुळं वाटायची, पण वॉन्टन सूप, म्हणजे खिमा भरलेल्या मैद्याच्या मऊ पुड्या घातलेलं, आवडीने प्यायचे.

"उकडलेलंच असतं ना ते, पप्पांना चालेल," मुलगी म्हणाली. "मी व्हिडिओ बघितलाय, एकदम इझी आहे, मम्मी."

व्हिडिओत सगळंच सोपं असतं. मैद्यात मीठ आणि अंडं घालून मी घट्ट पीठ मळलं. मुलीने खिम्यात आलं, कांद्याची पात, सोया सॉस, पांढरी मिरी घातली आणि एकाच दिशेने फेटत बसली, चिकट होईपर्यंत. तिची पाठ वळल्यावर मी आमचा घरचा लाल मसाला चिमूटभर टाकला. ती वळली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी पोळपाट पुसत होते.

पीठ मुरल्यावर पारदर्शक दिसेल इतकं पातळ लाटायचं, चौकोन कापायचे, मध्ये खिमा ठेवायचा, कडांना पाण्याचं बोट फिरवायचं आणि दुमडायचं. मला काही कुणी शिकवायला नको होतं. नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, मी लग्न होऊन आल्यापासून करते आहे. मी नेवरीसारखा पोटभर खिमा भरला, कडा छान मुरडल्या आणि पहिला घाणा गॅसवर उकळत ठेवलेल्या सूपमध्ये सोडला. गोल, गुबगुबीत, दिसायला लाखात एक होते. मिनिटाभरात एक फुटला. मग त्याच्या शेजारचा. शेवटी पातेल्यात खिम्याचं सूप आणि वर तरंगणाऱ्या मैद्याच्या चिंध्या उरल्या.

मुलगी हसायला लागली. मला राग आला होता, त्यामुळे मी गॅसला नावं ठेवली.

हे स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. एरवी ह्यांना स्वयंपाकघरात गम्य नाही, पण वॉन्टन हा शब्द ऐकून आले असावेत. वालीवच्या कारखान्यात ह्यांचं काम तपासणीचं होतं. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापाला लावायचा, बरा असला तर एका पेटीत, नसला तर दुसऱ्या पेटीत. नोकरी संपली तरी नजर काही निवृत्त झाली नाही.

"आत हवा ऱ्हायली," ते म्हणाले. "हवा तापली की फुटनारच. भरलंय पन किती. आनि ह्याला चौकोन म्हनतात?"

आधीच माझी फजिती झालेली, त्यात हे. माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढं कळतंय तर या आणि करून दाखवा."

बोलले आणि जीभ चावली. मुलीचं हसणं थांबलं. ह्यांनी आपल्या हाताकडे बघितलं, मांडीवर ठेवलेल्या, आणि मला वाटलं आता उठून ओटीवर जातील. ते उठले. पण काठी टेकत टेबलापाशी आले आणि बसले.

मुलगी खुर्ची पुढे ओढायला गेली. मी तिला डोळ्यांनी थांबवलं. ह्यांनी डाव्या हाताने एक पातळ चौकोन घेऊन ताटलीवर पसरला. डाव्याच हाताने चमच्याच्या टोकावर खिमा घेतला, सुपारीएवढा, आणि बरोबर मध्ये ठेवला. माझ्याकडे बघून घेतलं, एवढंच भरायचं असतं म्हणून. मग पाण्याची वाटी. ती त्यांच्या उजवीकडे होती. मी मुद्दाम तशी ठेवली नव्हती, टेबलावर तेवढीच जागा होती. डावा हात अर्ध्यावर गेला, पण त्याच्या बोटांना खिमा लागलेला. खिम्याचा हात पाण्यात घालणं ह्यांच्या हिशेबात बसणार नव्हतं. कारखान्यात तेलाचा हात मापाला लावणाऱ्याला हे जवळ उभं करायचे नाहीत.

मग खांद्यापासून जोर लावून त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला आणि टेबलावर ठेवला. तो तिथे एखाद्या पाहुण्यासारखा पडून राहिला. मग बोटं सरकत सरकत वाटीपर्यंत गेली आणि मधलं बोट पाण्यात पडलं.

बोट ओलं झालं, आणि हात वर निघाला.

वॉन्टनकडे नाही. वर, कपाळाकडे. ह्यांनी तो उचलला नव्हता, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून सांगते, कारण माझ्याइतकेच तेही चकित झाले होते. चर्चच्या दारात इतकी वर्षं बोट भिजलं की हात वर जात होता, आणि हाताला तेवढं आठवत होतं. छातीपर्यंत आला आणि थांबला. बोटावरचा थेंब शर्टावर पडला.

त्यांनी हात खाली आणला, परत वाटीत बोट बुडवलं आणि या वेळी चौकोनाच्या कडेवरून फिरवलं. वाकडं फिरलं, एक कोपरा कोरडाच राहिला, त्यावर परत फिरवलं. डाव्या हाताने त्रिकोण दुमडला, आतून बाहेर दाबत हवा काढली. दोन टोकं एकमेकांवर आणायला उजव्या अंगठ्याने दाब द्यावा लागतो. अंगठ्याने दिला. तयार झालेला वॉन्टन तिरका होता, एका कानाने बहिरा असल्यासारखा.

"हा तर तपासणीत बाद," मी म्हणाले. गप्प राहिले असते तर रडले असते.

"चालंल," ते म्हणाले. "पेटीत टाक."

मग मी लाटत, मुलगी कापत, मधूनमधून आम्ही दोघीही भरत राहिलो आणि हे भरत, भिजवत, दुमडत राहिले. आमच्या दोघींचे पन्नास होतील तेवढ्यात ह्यांचे पाच-सहा. तयार वॉन्टन सुकू नयेत म्हणून ओल्या फडक्याखाली ठेवायचे. फडकं उचलून हे आमचेही तपासत होते आणि दोन तरी परत पाठवले. दर वेळी बोट भिजलं की हात जरासा वर जायचा आणि मग खाली यायचा. कितीतरी दिवसांनी घरात तिघंजण एकाच कामात होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

दुसरा घाणा फुटला नाही. वॉन्टन तळाशी गेले आणि शिजल्यावर एकेक करून वर आले. मुलीने तीन वाडगे भरले, वर कांद्याची पात टाकली. मी टेबल पुसायला घेतलं, पीठ गोळा केलं आणि पाण्याची वाटी उचलली.

"पानी ऱ्हाऊ दे," हे म्हणाले.

मी वाटी खाली ठेवली. उजवीकडे, या वेळी मुद्दाम. त्यात मैदा पडून पाणी गढूळ झालं होतं.

ह्यांनी बोट बुडवलं. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला, मघासारखा. त्यापुढे तो जाणार नव्हता, आम्हाला तिघांनाही कळत होतं. मग ह्यांनी मान खाली वाकवली, आणखी वाकवली, आणि हात होता तिथपर्यंत कपाळ आणलं.

बोट कपाळाला लागलं. मग छातीला, मग डाव्या खांद्याला. उजव्या खांद्यापर्यंत परत यायला खूप वेळ लागला. मी मोठ्याने रडत होते. आमचं सूप निवलं, आणि कोणी चमचा उचलला नाही.