पाणी नाही, पुढच्या महिन्यात

प्रोब हिरडीत आठ मिलिमीटर आत गेला. बाहेर काढला तर पू आणि रक्त. प्रोब म्हणजे खुणा असलेली बारीक बोथट सळी. निरोगी हिरडीत ती तीनेक मिलिमीटरवर थांबते. रंगनाथरावांच्या खालच्या जबड्यात डावीकडे दोन इम्प्लांट होते, म्हणजे हाडात बसवलेले टायटॅनियमचे स्क्रू आणि त्यांवर दात. पुढच्याची हिरडी उतरून धातू उघडा पडला होता. मागचा बोटाने हलत होता.

इम्प्लांट नितीनने बसवले होते. नितीन एकेकाळी माझा असिस्टंट. मग त्याने गारखेड्यात काचेच्या दाराचं क्लिनिक टाकलं. शहर तिकडे वाढत होतं, पेशंटही तिकडेच वळले. मी गुलमंडीच्या बोळात दोन खुर्च्या घेऊन तसाच राहिलो. एक्सरेत स्क्रूभोवतीचं हाड वाटीसारखं खचलेलं दिसलं आणि मला बरं वाटलं. हे कबूल करायला इतकी वर्षं गेली.

"दुखत नव्हतं का?" मी विचारलं.

"नाय ना साहेब. ब्रश करताना जरा रगत यायचं." रंगनाथराव मुकुंदवाडीचे, शेतीवाले, आता शेताचे प्लॉट झालेले. "अन् मी तीनदा आलतो की साफ करायला. तुमच्या ताईंनी पाणी नाय म्हणून परत धाडलं."

मी त्यांचं कार्ड काढलं. तीन तारखा, आणि प्रत्येकीपुढे माझ्या रिसेप्शनवरच्या मीनाताईंचं अक्षर : पाणी नाही, पुढच्या महिन्यात.

दुष्काळाची वर्षं होती. नळ कित्येक दिवसांनी यायचा आणि हिरड्या साफ करायच्या मशीनला सतत पाणी लागतं. हिरड्यांचा स्पेशालिस्ट मी, म्हणून नितीन आपले इम्प्लांटवाले पेशंट दर तीन महिन्यांनी सफाईला माझ्याकडे पाठवायचा. टँकर उशिरा आला तर आधी कुणाला परत पाठवायचं, हे मी मीनाताईंना सांगून ठेवलं होतं. नितीनच्या पेशंटना. रंगनाथरावांचा हिरड्यांचा आजार जुना. त्यांची सफाई चुकली तर काय होईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तरी मी नितीनला फोन करून बोलावलं. मला त्याचा चेहरा बघायचा होता.

तो तासाभरात आला. एक्सरे खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिला.

"सर, सफाई तुमच्याकडं होती, म्हणजे तिथं प्रश्नच नाही. माझंच काहीतरी चुकलं."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

ऑपरेशन दोघांनी मिळून केलं. मागचा इम्प्लांट काढावा लागला. पुढच्याभोवती हिरडी उघडली, सडलेला भाग खरवडून काढला, स्क्रू घासून धुतला. खड्ड्यात हाडाची पावडर भरली. मग टाळूतून हिरडीचा तुकडा घेऊन नितीनने तो उघड्या धातूवर शिवला. त्याचे टाके माझ्यापेक्षा बारीक होते. तेही मला खुपलं. पाण्याची अडचण त्या दिवशी आली नाही.

पुढे आमच्या डेंटिस्ट मंडळींच्या मीटिंगमध्ये नितीनने ही केस मांडली, स्वतःची फसलेली केस म्हणून. मागून कुणीतरी विचारलं, सफाई कोण करत होतं? नितीनने माझ्याकडे पाहिलं.

"सर करत होते," तो म्हणाला आणि थांबला.

सगळे वळले. मी मान हलवली. मग एका सीनियरने नितीनला सुनावलं, की बाबा रे, स्क्रू पिळण्याआधी पेशंट पारखायला शिक. लोक हसले. मीही हसलो.

कार्ड घेऊन गारखेड्याला जायला मला आणखी दोन उन्हाळे लागले. नितीनने ते वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"रंगनाथकाकांनी मला ऑपरेशनच्याच दिवशी सांगितलं होतं, सर. म्हणाले, ताई पाणी नाय म्हणत होत्या, पण आत मशीन चालू होती."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीस?"

"थांबलो होतो ना. वाटलं, तुम्ही बोलाल."

रंगनाथरावांचा पुढचा इम्प्लांट अजून टिकून आहे. सफाईला ते आता नितीनकडेच जातात. इम्प्लांटभोवतीचं हाड बहुतेकदा न दुखताच झिजतं, म्हणून दिलेली तारीख चुकवू नका. आणि डॉक्टर पाणी नाही म्हणाला, तर क्षणभर दाराशी कान देऊन बघा.