माझंच रक्त घ्या

बायको गेली आणि घरात मी आणि माझा पोरगा संजू, दोघंच उरलो. संजू ट्रकवर होता. तिथंच त्याला गर्दाची सवय लागली, पुढं तो सुईनं नशा घ्यायला लागला. तो आणि त्याचा जोडीदार एकच सुई वापरायचे. तो जोडीदार एड्सनं वारला. संजूला म्हणालो, रक्त तपासून घे. तो म्हणाला, “तिथं पोलीस धरत्यात. म्या न्हाई जायचो.” भांडलो, त्याच्या पाया पडलो. ऐकेना.

मी मढीच्या नाथांचा भक्त. पण तेव्हा देव मनातून उतरला होता. बायकोसाठी काय कमी नवस बोललो होतो? तरी त्या गुरुवारी नारळ फोडला. म्हणालो, पोराला रोग नसू दे, तुझ्याच्यानं होत नसेल तर तसं सांग. आणि नगरच्या मोठ्या दवाखान्यासाठी एस्टी धरली.

तिथं तपासणीच्या खोलीत समजावून सांगायला एक बाई बसली होती. मी बाही वर केली. “बाई, पोरगं येत न्हाई. माझंच रक्त घ्या. बापाचं अन् पोराचं रक्त एकच.” मला खरंच तसं वाटत होतं.

बाई हसली नाही. मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, “बाबा, रक्त तुमचं खरं, पण सुई त्याची. तुमच्यात बघून त्याचं कळायचं नाही.”

“लई लांबून आलोय. घ्याच.”

“घेऊ. पण त्याला सांगा, इथं पोलीस नाही, शिव्या नाहीत. नाव बाहेर जाणार नाही. नशा सुटली नसली तरी चालेल, आहे तसा ये म्हणावं.”

घरी आलो. संजूनं हातावरचा कापूस बघितला. “आबा, ह्ये काय?” मी सांगितलं. आधी हसला. “येडे का खुळे तुमी?” मग माझा हात धरून रडायला लागला. आई गेली तेव्हाही रडला नव्हता. “हाय तसा ये म्हनली?” परत परत विचारत राहिला.

तो माझ्यासंगं दवाखान्यात आला. रक्त दिलं. रोग निघाला. बाई आमचं रडणं सरेपर्यंत जवळ बसून राहिली, एकदाही घड्याळ बघितलं नाही.

पुढं कळलं, बाईचा तिथं बसायचा वार गुरुवार नव्हताच. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी ती दुसऱ्या कुणाच्या जागी आली होती. ज्याला जे वाटायचं ते वाटो.

नाथांकडं मागितलं ते मिळालं नाही. पोरगं मात्र नशा सोडून माझ्याकडं परत आलं. मधे एकदा घसरला, पण आपल्या पायानं बाईकडं गेला. मी आता नवस बोलत नाही. माझं शहाणपण नाथांच्या पायाशी ठेवलंय. सकाळी संजू अंगणात चूळ भरतो, तो आवाज ऐकला की अंथरुणातच हात जोडतो. आजचा दिवस दिलास, बास.