चौकट आधी, चेहरा मागून

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. वरकुट्याच्या जोतीरामचा रविराज पुण्यातली नोकरी सोडून घरी आला, तेव्हा त्याच्या आईनं, द्वारकाबाईनं, पुरणाचा स्वयंपाक केला आणि बाप उठून मेंढवाड्याकडं गेला. करणार तरी काय? पोराला कॉम्प्युटर शिकवायचा म्हणून जोतीरामनं उरलीसुरली मेंढरं बाजारात नेऊन विकली होती. ज्या घरानं पिढ्यान् पिढ्या खांद्यावर घोंगडं टाकून रानं तुडवली, त्या घरातला मेंढवाडा मोकळा पडला. तरी जोतीराम रोज सकाळी त्या वाड्याचं फाटक उघडायचा आणि दिवस मावळला की कडी लावायचा. सवय, दुसरं काय!

रविराज उगाच परतला नव्हता. पिंपळीकडच्या द्राक्षवाल्यांच्या संघाचे चेअरमन शंभूराज यांनी त्याला बोलावणं धाडलं होतं. हॉलंडचा कोणी व्यापारी संघाचा माल घ्यायच्या गोष्टी करत होता, पण आधी म्हणे तुमचं इंटरनेटवरचं पान दाखवा. शंभूराजांनी रविराजच्या पाठीवर थाप मारली. "पान झ्याक कर. माल गेला की संघात कॉम्प्युटरचा विभाग काढतो आन् तुझ्या हातात देतो. आपल्या मातीतलं पोरगं पुण्यात कशाला सडायचं?" झालं! गावाजवळ राहून पुण्यातलं काम करायचं, यापरता दुसरा स्वर्ग रविराजला माहीत नव्हता. बापानं मोडलेल्या मेंढरांचं कुठंतरी चीज होणार होतं.

आता पान म्हणजे काय असावं? द्राक्षं कसली, किती, कधी निघतात, संघाचा फोन नंबर. संपलं. पण आपल्याकडं साध्या बारशाची पत्रिका काढली तरी चुलत-मावस धरून सगळ्यांची नावं टाकावी लागतात, तिथं संचालक मंडळ गप्प बसतंय होय? मधोमध संस्थापक आबासाहेबांचा फोटो, ते शंभूराजांचे वडील. भोवतीनं सगळे संचालक, सारख्याच मापाचे, कोणी बोटभरही कमी नाही. एकानं जीपला टेकून काढलेला फोटो आणला आणि जीप कापायची नाही अशी ताकीद दिली. द्राक्षांना खाली, एका कोपऱ्यात जागा मिळाली.

रविराजनं मुकाट सगळं बसवलं. बारामतीतल्या ओळखीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन, इंटरनेटसाठी फोनवरनं पुण्याचा नंबर फिरवून पान उघडून बघितलं, आणि तोंडचं पाणी पळालं. पडदा पांढरा तो पांढराच. बाहेर जाऊन चहा पिऊन आला, तरी पांढरा. हॉलंडचा माणूस एवढा वेळ कशाला थांबेल? त्याला काय दुसरे बागायतदार मिळत नाहीत?

घोडं कुठं पेंड खातंय ते त्यानं हुडकून काढलं. सगळं पान त्यानं एकाच मोठ्या तक्त्यात मांडलं होतं, आणि ब्राउझर असा हटवादी, की तक्त्यातला शेवटचा फोटो केवढा आहे हे कळेपर्यंत पहिलं अक्षरसुद्धा दाखवायला तयार नाही. मग त्यानं तो तक्ता फोडून लहान लहान तक्ते केले. द्राक्षांचा मजकूर उचलून वर आणला. प्रत्येक फोटोची लांबीरुंदी आधीच लिहून ठेवली, म्हणजे फोटो वाटेत असला तरी त्याची जागा धरलेली राहते आणि बाकीचं पान अडून बसत नाही. फोटो तारेवरून लवकर यावेत म्हणून त्यांच्या फायलींचं वजन उतरवलं. जीप ठेवली, तिची चमक काढली. फोटो येईपर्यंत मोकळ्या चौकटीत ज्याचं त्याचं नाव दिसेल अशी सोय केली. नावाशिवाय चौकट म्हणजे मंडळाचा अपमान, एवढं त्याला कळत होतं.

पुन्हा उघडलं. क्षणात द्राक्षं आली! मजकूर आला, फोन नंबर आला, चौकटी आल्या, आणि मग एकेक चेहरा वरून खाली सावकाश भरत गेला. रविराजनं खुर्चीतच टाळी वाजवली. त्या दिवशी वरकुट्याला येताना एसटीत तो एकटाच हसत होता म्हणे. घरी येऊन बापाला म्हणाला, "तात्या, जमलं." जोतीराम एवढंच म्हणाला, "बरं झालं." पण त्या रात्री म्हातारा दोन घास जास्त जेवला.

उद्घाटन संघाच्या हॉलमध्ये ठरलं. आणि उद्घाटन म्हटलं की पूजा आलीच. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, पुढ्यात नारळ फुटला, उदबत्त्या पेटल्या, आणि कोणीतरी हौसेनं झेंडूचा दांडगा हार पडद्याच्या भोवतीनं घातला. समोरच्या खुर्चीत आबासाहेब, नवा फेटा बांधून. शेजारी त्यांच्या कारभारीण गोजरबाई. मागं अख्खं मंडळ. संघाच्या फोनची लाईन तारेवरची जुनी, वाऱ्यानंसुद्धा खरखरणारी. रविराजनं मनात देवाचं नाव घेतलं आणि नंबर फिरवला.

द्राक्षं आली. त्यांच्याकडं कोणी बघितलं नाही. मग मधली मोठी चौकट आली, काळ्या रेघेची, मोकळी, आत इंग्रजीत आबासाहेबांचं नाव.

हॉलमधल्या माना एकमेकांकडं वळल्या. रविराजला आधी कळेना काय झालं. मग त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांनी बघितलं: चौकट, चौकटीत नाव, वरून झेंडूचा हार, पुढं उदबत्तीचा धूर. 

"मी कुठं हाय रं?" आबासाहेबांनी हळूच विचारलं.

"येतायत आबा, वाटेत हायती," रविराज घाईनं बोलून गेला, आणि त्यानं जीभ चावली.

"आगं बाई गं!" गोजरबाईंनी कपाळावर हात मारला. "जित्या माणसाला हार घातला की रं मुडद्या! काढ, काढ त्यो आधी!"

तेवढ्यात चौकटीत वरून रंग भरायला लागला. फेट्याचा तुरा आला, फेटा आला, कपाळाची एक पट्टी आली. आणि लाईन गेली. पडद्यावर नुसता फेटा राहिला, त्याच्याखाली पांढरं. आबासाहेब काठी टेकत उठले. रागावले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. सरळ दाराकडं चालायला लागले. रविराजला वाटलं, यांनी एक कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शंभूराजांनी फर्मान काढलं. चौकटी नकोत. फोटो होते तेवढे मोठे करायचे. सगळं पान एकदम दिसलं पाहिजे. दिसायचं नसंल तर कायबी दिसू नये.

"एकदम आणायला गेलं की काहीच येत नाही, साहेब," रविराज काकुळतीला आला. त्यांना पटावं म्हणून त्याला जे जवळचं सुचलं ते बोलला. "आता बघा, मेंढरं वाड्यातनं एकदम सोडली तर फाटकातच अडकत्यात. एकेक सोडली म्हंजी—"

"मंडळ म्हंजी मेंढरं व्हय रं?" शंभूराजांचा आवाज चढला. "धनगराचं पोरगं म्हणून हातभर जागा दिली, तर आमालाच हाकाया लागला?"

रविराजचा चेहरा उतरला. अहो, त्यानं मंडळाला मेंढरं म्हटलंच नव्हतं. पण सांगणार कोणाला? आणि खरं सांगायचं तर तिथंच उठायला हवं होतं, तो उठला नाही. कॉम्प्युटरचा विभाग डोळ्यांपुढं होता, घरी मोकळा वाडा होता. खाली मान घालून त्यानं सगळे तक्ते पुन्हा एकात जोडले, फोटो होते तसे केले, द्राक्षं खाली नेली. पान पुन्हा गच्च झालं.

हॉलंडच्या माणसानं उघडून बघितलं. संघाच्या फॅक्सवर त्याचा निरोप आला, की पडदा कोराच राहिला, तुमचा संघ बंद झालेला दिसतो, आम्ही दुसरीकडं बोलणी केली आहेत. विभागाचं नावही कोणी पुन्हा काढलं नाही. शंभूराज चारचौघांत म्हणाले, "पोरगं कच्चं निघालं." ते ऐकून रविराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कोणापुढं भांडायचं? पुण्यातल्या जागेवर तोवर दुसरा बसला होता. मग बारामतीत एका छपाईच्या दुकानात तो कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायला लागला. चुलत-मावस धरून सगळी नावं.

पुढच्या द्राक्षांच्या हंगामात आबासाहेब गेले. झोपेतच गेले, पिकलं पान होतं. पण संघात दबक्या आवाजात बोलणं झालंच, की त्या हाराच्या दिवसापासून म्हाताऱ्यानं हाय खाल्ली होती. रविराजच्या कानावर ते आलं. त्याला राग आला नाही. त्याला ते खरं वाटायला लागलं, हे त्याहून वाईट.

तिसऱ्या दिवशी शंभूराज दुकानात आले. पेपरात द्यायला श्रद्धांजली जुळवायची होती. हातात जुना, कोपरे मुडपलेला फोटो.

"फोटो ऱ्हाऊ द्या. हाय माझ्याकडं," रविराज म्हणाला.

त्यानं खणातली फ्लॉपी काढून घातली. रंग कमी केलेला, वजन उतरवलेला, मापात बसवलेला तो फोटो तिच्यावर तसाच होता. पडद्यावर काळ्या रेघेची चौकट आली, आणि या खेपेला आबासाहेब तिच्यात लगेच आले, फेट्यापासून छातीपर्यंत. कुठली लाईन नाही, कुठलं वाट बघणं नाही. खाली नाव टाकलं.

"किती येळ लागंल?" शंभूराजांनी डोळे पुसत विचारलं.

"झालं."

शंभूराज पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "तवाच असं पटकन आणता आलं न्हाय व्हय रं तुला?"

रविराजच्या ओठांवर आलं होतं सगळं. पण बाप गेलेल्या माणसाला काय ऐकवायचं! "न्हाय जमलं," तो म्हणाला, आणि कागद छापायला लावला.

दिवस मावळता तो वरकुट्याला पोचला, तेव्हा जोतीराम मेंढवाड्याच्या फाटकाशी उभा होता.

"ऱ्हाऊ द्या ना तात्या उघडं," रविराज म्हणाला. "आत काय हाय?"

जोतीरामनं रोजच्यासारखी कडी लावली, आणि जेवायला घरात गेला.