केळ्यांसाठी रांग लावणारा देश

नव्वदच्या दशकात मी कुरुंद्याला शाळेत इतिहास शिकवत होतो. वर्गातला जगाचा नकाशा जुना होता. त्यात जर्मनीचे दोन तुकडे तसेच होते आणि सोव्हिएत संघही मोडलेला नव्हता. नवा नकाशा काही येईना. मी पोरांना सांगायचो, ह्यातल्या सगळ्याच देशांवर विश्वास ठेवू नका.

एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी एक जर्मन पाहुणा हळद कशी शिजवतात ते पाहायला आमच्या भागात आला. पन्नाशीचा, उंच, उन्हानं नाक सोललेला. शेतीखात्याचे एक साहेब त्याला फिरवत होते. आमच्या गावात त्यांची जीप बंद पडली. साहेब मेकॅनिक आणायला वसमतला गेले आणि पाहुण्याला माझ्या घरी बसवून गेले. गावात इंग्रजी येणारा माणूस म्हणून कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवलं होतं. मला इंग्रजी वाचता यायचं. बोलायची वेळ कधी आली नव्हती. नशिबानं पाहुण्याचं इंग्रजीही माझ्याच दर्जाचं निघालं. एकजण शब्द शोधत थांबला की दुसराही निवांत थांबायचा, त्यामुळं आमचं छान जमलं.

वडिलांनी मात्र त्याच्याशी थेट उर्दूत बोलायला सुरुवात केली. निजामाच्या काळात त्यांची शाळा उर्दूत झालेली. मराठी न येणाऱ्या माणसाशी उर्दू बोलायचं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. पाहुणा दर वाक्याला मान हलवत होता. वडील मला म्हणाले की ह्याला सगळं बराबर समजतंय.

जेवणाची वेळ झालीच होती. आईनं भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी वाढली. पाहुणा 'थँक्यू' म्हणाला. आईनं आणखी एक भाकरी टाकली. तो पुन्हा 'थँक्यू' म्हणाला, आईनं भाजी वाढली. शेवटी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "हा सारखं काहून मागून राहिला? घरी जेवला न्हाई का?"

तो मागत नाही, आभार मानतोय, असं मी सांगितलं. आईला ते पटलं नाही. जेवणाचे आभार कोण मानतं? त्यात अजून एक घोटाळा होता. त्याच्या घरी लहानपणापासून शिकवलेलं, की ताटात काही टाकायचं नाही. आणि आमच्याकडं पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढायचं. तो ताट चाटूनपुसून साफ करायचा, आई भरायची. माणूस घामाघूम झाला, पण दोघांपैकी कुणीही आपले संस्कार सोडायला तयार नव्हतं. अखेर मी त्याला ताटावर हात आडवा धरायला शिकवलं. त्यानं दोन्ही हात धरले.

तोवर ओसरीवर शेजारपाजार जमला होता. जमीन किती, लेकरं किती, आई कुणाजवळ असते, अशी विचारपूस सुरू झाली. त्याची आई गावी एकटीच राहते म्हटल्यावर बायका हळहळल्या. मग वडिलांनी त्याला देश विचारला. तो म्हणाला, "मी जिथं जन्मलो, तो देश आता नाही."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. वडील सावरून बसले. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात आमच्या एका आत्याचं शेत गेलेलं, तेव्हा त्यांना एकच अर्थ लागला. "धरणात गेला का?" त्यांनी विचारलं. "मोबदला मिळाला?"

मी चाचरत विचारलं. पाहुणा मोठ्यानं हसला, पण उत्तर त्यानं गंभीरपणे दिलं. तो पूर्व जर्मनीचा. बर्लिनची भिंत पडल्यावर पलीकडं गेलेल्या प्रत्येकाला तिथल्या सरकारनं थोडे पैसे दिले होते. त्या पैशांची त्यानं पहिली वस्तू घेतली ती केळी. त्याच्या देशात केळी क्वचित यायची, आणि आली की लोक रांग लावायचे.

हे ओसरीला पटेना. आमच्या वसमत तालुक्यात केळीची काय कमी? भाव पडला की आम्ही घड जनावरांपुढं टाकायचो. शेजारचे काका मला म्हणाले की मास्तर, तुमचं इंग्रजी चुकलं असेल, पुन्हा विचारा. मी पुन्हा विचारलं. केळीच निघाली. एकजण उठला आणि शेतातून अख्खा घड आणून पाहुण्यासमोर ठेवला. पाहुणा आईकडं बघून दोन्ही हात आडवे धरू लागला.

मग वडील बोलले, ह्या वेळी मराठीत. "ह्याला सांग, आमचाबी देश असाच गेला. पोलीस ॲक्शन झाली तवा मी शेतात होतो. राज्य बदललं, नाणं बदललं, शाळेतली भाषा बदलली. आमी होतो तिथंच होतो."

ते इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला. निजाम, हैदराबाद संस्थान, त्याचा हाली रुपया, अठ्ठेचाळीस साली आलेली भारताची फौज, सगळं घालायचं होतं. निम्मंच सांगता आलं. पण पाहुण्यानं वडिलांकडं पाहून मान हलवली, आणि वडिलांनी त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. दोघं काय बोलत होते देव जाणे. एक जर्मनमध्ये, एक उर्दूत. मला कुणी काही विचारलं नाही.

दिवस मावळायच्या आत जीप आली. पाहुणा घड मांडीवर घेऊन बसला. पुढच्या आठवड्यात नववीला मी जर्मनीचं एकीकरण शिकवलं आणि केळ्यांचंही सांगितलं. वार्षिक परीक्षेच्या पेपरात अर्ध्या वर्गानं भिंत पडण्याचं प्रमुख कारण केळी असं लिहिलं. मी अर्धा गुण दिला.

नव्याण्णव साली परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वडील बैल बांधत होते, तेव्हा मी त्यांना ही बातमी दिली. त्यांनी विचारलं, "तालुका वसमतच हाय ना?"

मी व्हय म्हणालो. ते बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.